झाकण लावलं की लॅपटॉप उठतच नाही, मध्येच बंद पडतो? जुना लॅपटॉप दुरुस्तीला टाकण्याआधी घरी हे तपासा

शहरातल्या कंपन्या काही वर्षं वापरून झाले की लॅपटॉप बदलतात. तेच लॅपटॉप मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस अशा बाजारांतून फिरत तालुक्याच्या दुकानात येतात. डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक, लेनोवो थिंकपॅड ही त्यातली नेहमीची नावं. मशीन मुळात मजबूत असतं, त्यामुळे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, महाडीबीटीचे अर्ज, दुकानाचा किंवा दूध संकलनाचा हिशेब यासाठी असा लॅपटॉप घेणं वावगं नाही. पण घरी आणल्यावर दोन-चार महिन्यांत ठरलेल्या दोन तक्रारी सुरू होतात. एक, झाकण लावून ठेवला की परत उठत नाही. दोन, काम करता करता अचानक बंद पडतो किंवा अडकतो. त्यात अर्जाची शेवटची तारीख असली की अर्धा भरलेला फॉर्म डोळ्यांसमोर जातो.

अशा वेळी लॅपटॉप काखेत मारून दुकान गाठलं जातं आणि कधी कधी पाच मिनिटांत निदान मिळतं, ‘मदरबोर्ड गेला’. मदरबोर्ड जातो, नाही असं नाही. पण त्याआधी तपासायच्या बऱ्याच गोष्टी घरी, पैसे न खर्चता तपासता येतात.

सगळ्यात पहिलं काम मात्र दुरुस्तीचं नाही. लॅपटॉप सुरू होतोय तोवर फोटो, दाखल्यांच्या पीडीएफ, हिशेबाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर काढून घ्या. बंद पडणाऱ्या मशीनचा उद्याचा भरवसा नसतो, आणि पुढचे बरेच उपाय कागदपत्रं सुरक्षित असतील तरच बिनधास्त करता येतात.

झोपलेला लॅपटॉप आणि गेलेली लाइट

झाकण लावलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. तो ‘स्लीप’मध्ये जातो. स्लीपमध्ये स्क्रीन, डिस्क, पंखा थांबतात, पण चालू काम रॅममध्ये ठेवलेलं असतं आणि रॅमला थोडी थोडी वीज लागतच राहते. ती वीज तुटली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. ‘हायबरनेट’ वेगळं. त्यात चालू काम डिस्कवर लिहून ठेवलं जातं आणि मग मशीन पूर्ण बंद होतं. वीज गेली काय, बॅटरी संपली काय, काम जागेवर राहतं. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच.

आता गावातली परिस्थिती बघा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा थकलेली असते. चार्जर लावून, झाकण मिटवून माणूस जेवायला जातो. तेवढ्यात भारनियमन सुरू होतं. थकलेली बॅटरी थोड्या वेळात आटते, रॅम रिकामी होते. परत येऊन झाकण उघडलं तर स्क्रीन काळी, किंवा लॅपटॉप पहिल्यापासून सुरू होतो आणि विंडोज सांगतं की मागच्या वेळी नीट बंद झाला नव्हता. लोक याला ‘क्रॅश’ म्हणतात. खरं तर यात ना विंडोज बिघडलंय ना मदरबोर्ड. बॅटरी दमली आहे.

बॅटरीची अवस्था बघायला कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट उघडा. त्यात इंग्रजी अक्षरांत ‘पॉवर’ हा शब्द, त्यालाच जोडून सी, एफ, जी लिहा. मग एक जागा सोडून प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ द्या आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं सलग लिहून एंटर दाबा. अहवालाची फाइल कुठे तयार झाली ते तिथेच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडली की दोन आकडे शोधायचे: ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची ताकद, आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज पूर्ण चार्ज झाल्यावर उरलेली ताकद. पहिला आकडा ५०,००० आणि दुसरा १५,००० असेल तर तीन हिश्श्यांतली दोन हिस्से बॅटरी संपलेली आहे. अशा बॅटरीवर स्लीपचा भरवसा ठेवू नये.

नवी बॅटरी लगेच घेणं जमत नसेल तर झाकणाची सवय बदला. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, डावीकडे ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ’ दिसेल. तिथे बॅटरीवर आणि चार्जरवर, दोन्हीकडे स्लीपऐवजी हायबरनेट निवडा. यादीत हायबरनेट दिसतच नसेल तर टर्मिनल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडायचं, वरच्यासारखाच पहिला शब्द लिहायचा, जागा सोडून तिरकी रेघ आणि एच, परत जागा सोडून ‘ऑन’. एंटर दाबल्यावर पर्याय यादीत येतो. जुन्या लॅपटॉपसाठी हा एकच बदल बऱ्याच तक्रारी मिटवतो.

एक सूचना गांभीर्याने घ्यावी. टचपॅड वर उचललेलं दिसत असेल, त्याची क्लिक कडक झाली असेल, किंवा टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशी बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. ती काढून घ्यायला कारागिराकडेच जा आणि काढलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीजवळ टाकू नका. फुटली तर पेट घेते.

बॅटरी ठीक, तरी उठत नाही

झाकण उघडलं, दिवा लागला, पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी. इथे आधी मोबाइलचा टॉर्च लावा. टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ तिरपा धरून बघितल्यावर आतलं चित्र पुसट दिसत असेल तर लॅपटॉप जागा आहे, फक्त स्क्रीनमागचा उजेड गेला आहे. झाकण उघडून-मिटून बिजागरीतली वायर झिजते आणि असं होतं. झाकण थोडं मागे-पुढे केल्यावर उजेड येत-जात असेल तर वायरचाच दोष समजा. वायर बदलणं हे मदरबोर्डपेक्षा फार हलकं काम आहे.

टॉर्चमध्येही काही दिसलं नाही तर कंट्रोल, विंडोज, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. यामुळे चित्राचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि बऱ्याचदा स्क्रीन येते. तेवढ्यानेही भागलं नाही तर चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. नंतर फक्त चार्जर लावून सुरू करा. आत अडकून राहिलेली वीज निघून गेल्यावर अनेक ‘मेलेले’ लॅपटॉप उठतात. काही थिंकपॅडच्या तळाला यासाठीच टाचणीएवढं छिद्र असतं. टाचणी किंवा सिमकार्डची पिन त्यात हलकेच दाबायची.

एकदा उठला की मूळ कारणाकडे वळा. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. ती चालू असली की ‘शट डाउन’ केल्यावरही लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही, विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. गाभ्यात काही गडबड असेल तर तीही सोबत येते. म्हणूनच ‘बंद करून चालू केला तरी तेच’ अशी तक्रार असते, आणि ‘रीस्टार्ट’ केलं की बरं वाटतं, कारण रीस्टार्टमध्ये सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ या ठिकाणी जाऊन, वरची निळी ओळ दाबून, फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका.

दुसरं कारण ड्रायव्हर. जुन्या लॅपटॉपवर दुकानात घाईने विंडोज टाकलेलं असतं, सगळ्या मशीनला चालेल असा एकच ड्रायव्हरचा संच वापरून. लॅपटॉप चालतो, पण झोपणं-उठणं ही नाजूक कामं बिघडतात. तळाच्या स्टिकरवर अनुक्रमांक असतो, डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात. तो क्रमांक कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर टाकला की त्याच मॉडेलचे ड्रायव्हर फुकट मिळतात. ग्राफिक्स, चिपसेट आणि वायफाय एवढे तीन तरी तिथूनच घ्यावेत. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ अशी जाहिरात करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

त्याच वेबसाइटवर बायोस अपडेटही दिसेल. झोपेच्या काही जुन्या तक्रारी त्याने जातात हे खरं. पण बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर लॅपटॉप कायमचा आडवा होऊ शकतो. बॅटरी दमलेली असेल आणि लाइटचा भरवसा नसेल तर या वाटेला न गेलेलं बरं.

उलटी तक्रारही असते. लॅपटॉप हात न लावता झोपतो, किंवा पिशवीत ठेवलेला आपोआप जागा होतो. झाकण मिटल्याचं लॅपटॉपला चुंबकामुळे कळतं. म्हणून चुंबकाच्या झडपेचं मोबाइल कव्हर कीबोर्डच्या कडेला ठेवलं किंवा एक लॅपटॉप दुसऱ्यावर ठेवला की वरचा चक्क झोपी जातो. दोष काही नाही, मोबाइल बाजूला सरकवायचा. पिशवीत जागा होण्याचं प्रकरण मात्र वाईट, कारण हवा नसल्याने मशीन भट्टीसारखं तापतं. त्यासाठी पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड यादीत स्लीपखाली ‘अलाऊ वेक टायमर्स’ बंद करा. एसटीने किंवा मोटारसायकलवर न्यायचा असेल तर स्लीप नकोच. हायबरनेट करा, दिवे विझले आणि पंखा थांबला हे बघा, मगच पिशवीत घाला.

कसा बंद पडतो ते आधी बघा

‘क्रॅश होतो’ एवढ्याने कारागिरालाही काही कळत नाही. लॅपटॉप तीन तऱ्हांनी बंद पडतो. दिवा विझावा तसा फटकन बंद होणं, हा एक प्रकार. यात बहुतेक वेळा उष्णता किंवा वीजपुरवठ्याचा दोष निघतो. दुसऱ्या प्रकारात निळी स्क्रीन येते, अलीकडच्या विंडोज ११ मध्ये ती काळी असते, आणि इंग्रजीत काही शब्द दिसतात. हा ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्कचा आवाज आहे. तिसऱ्यात चित्र गोठतं, माउस हलत नाही, पण बंदही होत नाही. तिथे डिस्ककडे आधी बघावं, मग रॅमकडे. आठवडाभर एका कागदावर तारीख, वेळ, काय काम चालू होतं आणि कोणत्या तऱ्हेने बंद पडला एवढं लिहून ठेवा. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असा इंग्रजी शब्द टाइप केला तर विंडोजची स्वतःची अशीच वही उघडते. कोणत्या दिवशी काय कोसळलं ते लाल फुल्यांनी दिसतं, आणि त्याच्या आदल्या दिवशी कुठलं सॉफ्टवेअर टाकलं होतं तेही.

फटकन बंद होणाऱ्या लॅपटॉपचा तळ हाताला पोळत असेल तर उत्तर जवळपास मिळालंच. प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही थंड झाला नाही तर जळण्यापेक्षा बंद होतो. ही त्याची सुरक्षा आहे. गावाकडे लॅपटॉप तापण्याची कारणं शहरापेक्षा जास्त. मळणीच्या दिवसांतला भुसा, कापसाचे तंतू, पिठाच्या गिरणीची पांढरी धूळ, चुलीचा धूर, हे सगळं पंख्यापुढच्या बारीक जाळीत जाऊन बसतं आणि तिथे अक्षरशः वाकळीसारखा थर तयार होतो. वरून लॅपटॉप गोधडीवर किंवा गादीवर ठेवून वापरला तर खालच्या फटीही बंद होतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला बंद पडणारा आणि रात्री निवांत चालणारा लॅपटॉप बिघडलेला नसतो, गुदमरलेला असतो.

आधी फुकटचा उपाय: लॅपटॉप पाटावर किंवा फळीवर ठेवा, मागची बाजू दोन पुस्तकांनी इंचभर उचला. एवढ्याने बंद पडणं कमी झालं तर निदान पक्कं झालं. मग साफसफाई. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, तळाचं झाकण उघडता येत असेल तर मऊ ब्रशने धूळ काढा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने ते गरागरा फिरवू नका. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नये. तिचा दाब फार असतो आणि सोबत पाण्याचे तुषार येतात. पाच-सात वर्षांच्या मशीनमध्ये प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही वाळून पापडी झालेली असते. ती बदलण्याचं काम कारागीर तासाभरात करतो. ‘पंखा साफ करून पेस्ट बदला’ असं स्पष्ट सांगायचं. नुसतं ‘सर्व्हिसिंग’ म्हटलं की कधी बाहेरून फडकं मारलेला लॅपटॉप परत मिळतो.

तापत नाही, तरी फटकन बंद होतो? मग चार्जर बघा. चार्जरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. १९.५ व्होल्ट गुणिले ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. लॅपटॉपला ६५ वॅट लागत असतील आणि सोबत ४५ वॅटचा दिला असेल तर जड काम सुरू होताच ओढाताण होते. डेलच्या गोल पिनच्या मध्यभागी एक बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ती वाकली किंवा चार्जर नकली असला तर सुरू होताना चार्जर ओळखता न आल्याचा संदेश येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि वेगही पडतो. व्होल्टेज कमी-जास्त होण्याला मात्र उगाच दोष दिला जातो. बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात. खरा धोका लाइट परत येतानाच्या झटक्याचा असतो. लाइट गेली की पिन काढून ठेवावी. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातलं अर्थिंग तपासून घ्या.

निळी स्क्रीन आली की घाबरून बटण दाबू नका, आधी मोबाइलने फोटो काढा. ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असेल तर झोपताना-उठताना एखादा ड्रायव्हर अडकला, म्हणजे वर सांगितलेला ड्रायव्हरचा इलाज. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असेल तर संशय रॅमवर. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ असेल तर बहुधा डिस्क.

रॅमची परीक्षा विंडोजमध्येच आहे. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा, लॅपटॉप रीस्टार्ट होऊन तपासणी करतो. दोष दाखवला तरी लगेच नवी रॅम घेऊ नका. खड्ड्यांच्या रस्त्यावरून आलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम खाचेतून थोडी सैल झालेली असू शकते. काढून, सोनेरी कड स्वच्छ कोरड्या कापडाने पुसून, परत घट्ट बसवली की अनेकदा काम होतं. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघावी, खराब कोणती ते कळतं.

डिस्कसाठी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर पुरे. निळा रंग चांगला, पिवळा सावधान, लाल धोका. पिवळा दिसला की बाकी सगळं सोडून राहिलेल्या फाइल्स काढून घ्या. डिस्क दुरुस्तीची तपासणी त्यानंतर. आधी केली तर आजारी डिस्क तिथेच मान टाकू शकते. फिरणारी जुनी हार्डडिस्क असेल आणि कटकट आवाज करत असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवा. जुन्या लॅपटॉपवर करायचा एकच खर्च निवडायचा झाला तर तो हाच: धक्क्याने बिघडत नाही, आणि हायबरनेटमधून उठायला लागणारा वेळही बराच कमी होतो.

एसएसडी बसवताना बहुधा विंडोज नव्याने टाकलं जातं, आणि तेव्हा एक निर्णय घ्यायचा असतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या मशीनवर अट चुकवून ११ टाकून देणारे आहेत, पण झोपेच्या तक्रारी अशा मशीनवर जास्त उद्भवतात. ब्राउझर, पीडीएफ आणि टायपिंग एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट फुकट आहे आणि चार जीबी रॅमवरही चालतं. टॅली किंवा फक्त विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र तो मार्ग नाही. क्रॅक केलेलं विंडोज टाळावं. कंपन्यांच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये विंडोजचा परवाना मशीनमध्येच नोंदलेला असतो, तीच आवृत्ती स्वच्छ टाकली की आपोआप लागू होते.

तारीख मागे जाणं हा छोटा पण भारी छळणारा दोष. लॅपटॉप सुरू केल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे दाखवतं आणि सरकारी पोर्टलसह सगळ्या वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत उघडत नाहीत. आतली नाण्यासारखी छोटी बॅटरी संपलेली असते. चहा-नाश्त्याच्या खर्चात ती येते.

ज्यांना अजून घ्यायचा आहे त्यांनी

दुकानात उभ्या उभ्या यूट्यूब लावून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. चार्जर काढायला सांगा, एखादी फाइल उघडी ठेवा, झाकण लावा आणि दहा मिनिटं बाहेर चहा घेऊन या. परत आल्यावर झाकण उघडताच तीच फाइल दिसली पाहिजे. मग बॅटरीचा अहवाल काढा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोचा रंग बघा. अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवून पंख्याच्या फटीपाशी हात धरा. गरम हवा जोरात बाहेर येत असेल तर चांगलं. तळ तापलाय पण हवा येत नाही, तर आत जाळी तुंबली आहे.

सुरू करताना बायोसचा पासवर्ड मागतो का तेही बघा, आणि विंडोज रीसेट केल्यावर कुठल्या कंपनीचा ईमेल मागतो का तेही. मागत असेल तर जुन्या मालकाने कुलूप काढलेलं नाही, आणि ते घरी निघत नाही. बिलावर लॅपटॉपचा अनुक्रमांक, बॅटरी आणि चार्जरला किती दिवसांची हमी, हे शाईने लिहून घ्या. पक्कं बिल द्यायला दुकानदार तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.